मध्यस्थाचे हात : कॅम्प डेव्हिड, १९७८

ईयोबाच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ईयोब एक तक्रार करतो. देव आणि आपण यांच्यातील वादात दोघांवरही हात ठेवू शकेल असा कोणी मध्यस्थ नाही, ही ती तक्रार होय. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे स्थळ आपण सामान्यतः तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एकमेव मध्यस्थाच्या शिकवणीशी जोडतो आणि पुढे जातो. ते योग्यच आहे. परंतु ईयोबाने सहज बोलता बोलता मध्यस्थाची जी कसोटी सांगून टाकली ती राष्ट्राराष्ट्रांच्या तंट्यांनाही लावून पाहण्याजोगी आहे. मध्यस्थाचा हात दोन्ही पक्षांवर पडला पाहिजे. तो एकावरच पडला तर त्याला वकील म्हणावे लागेल.

इस्राएली व पॅलेस्टिनी यांच्या तंट्यात अमेरिकेने गेली पन्नास वर्षे हे पद आपल्याकडे घेतले आहे. त्या लांबलचक इतिहासातील एकच प्रकरण आम्ही येथे विचारात घेत आहोत : १९७८ च्या सप्टेंबरात कॅम्प डेव्हिड येथे झालेली तेरा दिवसांची बैठक. तिच्या यशाची कथा पुष्कळदा सांगितली जाते. पण तेथे दोन कागदांवर सह्या झाल्या होत्या, त्यांपैकी एकच सिद्धीस गेला, आणि दुसरा का गेला नाही हे समजल्यावाचून पुढील कोणतीच गोष्ट नीट उमगत नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आमच्या काही धर्मशिक्षकांच्या मनात 'पॅलेस्टिनी' व पवित्र शास्त्रातील 'पलिष्टी' यांची सांगड बसलेली आढळते, आणि मग दावीद व गल्याथ यांची कथा आपोआप आजच्या बातम्यांवर जाऊन बसते. देशाचे नाव पलिष्ट्यांच्या नावावरून ग्रीक व रोमी लोकांमार्फत आले हे खरे. परंतु आजचे पॅलेस्टिनी म्हणजे त्या भूमीत शतकानुशतके राहत आलेले अरबी भाषक लोक. त्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत आणि बेथलेहेम, रामल्ला, नासरेथ येथील जुनी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. गल्याथाशी त्यांचा संबंध जोडणे म्हणजे व्यासपीठावरून अज्ञान पेरणे होय. त्याचप्रमाणे स्तोत्रांतील 'इस्राएल' आणि १९४८ साली स्थापन झालेले राज्य हे शब्द उच्चाराने एक असले तरी अर्थाने जसेच्या तसे एक नाहीत. ही सावधगिरी उगाच सांगत नाही. कॅम्प डेव्हिडची अर्धी कथा शब्दांचीच आहे.

जून १९६७ च्या युद्धात इस्राएलने इजिप्तकडून सीनाय व गाझा (शास्त्रातील गज्जा), यार्देन राज्याकडून पूर्व यरुशलेमसह नदीचा पश्चिम तीर आणि सिरियाकडून गोलान टेकड्या घेतल्या. त्या वर्षीच्या २२ नोव्हेंबरला राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव केला. पुढील सर्व वाटाघाटींचा तो पाया. या ठरावात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घेण्याचे तत्त्व आहे आणि प्रत्येक राज्याच्या सुरक्षित सीमांचेही आहे. पॅलेस्टिनी लोकांचे मात्र त्यात नावदेखील नाही. फक्त 'निर्वासितांचा प्रश्न' न्याय्य रीतीने सुटावा एवढेच म्हटले आहे. ज्यांच्या भूमीबद्दल वाद, त्यांना पक्षकार न मानता प्रश्न मानण्याची रीत येथून पडली.

सप्टेंबर १९७५ मध्ये दुसरी गाठ बसली. सीनायमधून इस्राएली सैन्य अंशतः मागे घेण्याचा करार परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी जुळवून आणला, आणि त्याच्या मोबदल्यात अमेरिकेने इस्राएलला दोन आश्वासने दिली. पॅलेस्टाइन मुक्ती संघटना जोपर्यंत इस्राएलचा अस्तित्वाचा हक्क व २४२ आणि ३३८ हे ठराव मान्य करीत नाही तोपर्यंत अमेरिका तिला मान्यता देणार नाही व तिच्याशी वाटाघाट करणार नाही, हे एक. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पंतप्रधान यिझाक राबिन यांना पत्राने दिलेले दुसरे आश्वासन असे की, अमेरिकेला स्वतःच्या सूचना मांडावयाच्या झाल्यास त्यांबाबत इस्राएलशी आधी मेळ घालण्याचा ती सर्व प्रयत्न करील, आणि हेतू हा की इस्राएलला असमाधानकारक वाटतील अशा सूचना मांडल्या जाऊ नयेत. म्हणजे मध्यस्थाने आसनावर बसण्यापूर्वीच एका पक्षाशी बोलणार नाही असे वचन दिले आणि दुसऱ्याला आपला मसुदा आधी दाखवीन असेही वचन दिले. या अटींना कारणे नव्हती असे नाही. मुक्ती संघटनेच्या सनदेत इस्राएलचे अस्तित्वच नाकारले होते आणि तिच्या गटांनी निरपराध माणसे मारली होती. मार्च १९७८ मध्येच तेल अविवच्या उत्तरेस किनारी रस्त्यावर बस पळवून पस्तीसहून अधिक नागरिकांना, त्यांत मुलांनाही, ठार करण्यात आले. पाठोपाठ इस्राएली सैन्य दक्षिण लेबनॉनमध्ये शिरले. तरीही आमचे मत असे की, शत्रूशी बोलण्याची अट म्हणून त्याच्याकडून वाटाघाटीचे फळ आधीच मागणे ही मध्यस्थाची रीत नव्हे.

जिमी कार्टर १९७७ च्या जानेवारीत अध्यक्ष झाले. ते बॅप्टिस्ट मंडळीचे, आयुष्यभर शब्बाथशाळेत शिकविणारे. (प्लेन्स गावातील ज्या मंडळीत ते पुढे शिकवीत तिचे नावच 'मारानाथा', १०० वर्षांचे होऊन २०२४ च्या डिसेंबरात ते निवर्तले.) शास्त्राशी परिचय असल्याने त्या भूमीबद्दल त्यांना जिव्हाळा होता, पण तो एकाच बाजूचा नव्हता. मार्च १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्लिंटन या छोट्या गावच्या सभेत त्यांनी पॅलेस्टिनी निर्वासितांना 'मायभूमी' मिळाली पाहिजे असे उघडपणे म्हटले. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या तोंडून हे प्रथमच निघत होते. मुक्ती संघटनेने २४२ हा ठराव काही आक्षेप नोंदवून का होईना स्वीकारावा, म्हणजे १९७५ च्या वचनातून मार्ग निघेल, असा प्रयत्न त्या उन्हाळ्यात त्यांनी तिऱ्हाइतांमार्फत केला. संघटनेने तो स्वीकारला नाही. ही चूक पॅलेस्टिनी नेतृत्वाची होती, आणि तिची किंमत त्यांच्या लोकांना मोजावी लागली.

मे १९७७ च्या निवडणुकीने इस्राएलमध्ये सत्तांतर घडविले आणि त्यानंतर मेनाहेम बेगिन पंतप्रधान झाले. त्यांचे आईवडील व भाऊ नाझींच्या संहारात मारले गेले होते. ज्यू लोकांच्या सुरक्षिततेविषयी त्यांच्याशी सैलपणे बोलणे कोणालाच शक्य नव्हते. पश्चिम तीर हा व्यापलेला प्रदेश नसून पूर्वजांची भूमी आहे, असे ते मानीत. नोव्हेंबरात इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात स्वतः यरुशलेमला गेले, अल-अक्सा मशिदीत नमाज पढले, पवित्र कबरेच्या मंदिरास भेट देऊन आले आणि इस्राएली संसदेपुढे बोलले. जग थक्क झाले. पण काही महिन्यांतच बोलणी अडली. तेव्हा कार्टर यांनी दोघांना मेरीलँड राज्यातील डोंगरांत आपल्या विश्रामस्थानी बोलाविले.

५ सप्टेंबर १९७८ ला बैठक सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी तिघांच्या नावाने सर्व धर्मांच्या लोकांना प्रार्थनेचे आवाहन करण्यात आले. ती कल्पना रोझलिन कार्टर यांची होती. १० तारखेच्या रविवारी रोमेत पोप पहिले जॉन पॉल यांनी मध्यान्हप्रार्थनेच्या वेळी त्या तिघांचा उल्लेख केला. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायातील आईच्या प्रेमाची प्रतिमा घेऊन देव हा पिता तर आहेच, त्याहून अधिक माता आहे असे ते ज्या भाषणात म्हणाले, ते हेच. त्या भाषणाचा हा संदर्भ बहुधा विसरला जातो. अवघ्या अठरा दिवसांनी पोपमहाशयांचा अंत झाला.

पहिल्या तीन दिवसांत सादात व बेगिन समोरासमोर बसले आणि इतके भांडले की कार्टर यांनी उरलेले दहा दिवस त्यांना जवळजवळ एकत्र आणलेच नाही. पद्धत अशी ठरली की मसुदा अमेरिकेने लिहावयाचा, एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत न्यावयाचा, दोघांचे आक्षेप ऐकावयाचे आणि पुन्हा लिहावयाचा. असे वीसहून अधिक मसुदे झाले. अखेरच्या दिवसांत महासत्तेचा अध्यक्ष स्वतः इस्राएलचे अहरोन बराक व इजिप्तचे ओसामा एल-बाझ या दोन कायदेपंडितांसमवेत कलमांची भाषा घासत बसला. सादात यांनी सामानाची बांधाबांध करून निघण्याची तयारी केली तेव्हा कार्टर त्यांच्या झोपडीत जाऊन एकांतात बोलले व ते थांबले. शेवटच्या दिवशी बेगिन यरुशलेमविषयीच्या पत्रावरून उठून जाण्याच्या बेतात होते. कार्टर त्यांच्या नातवंडांसाठी प्रत्येकाचे नाव लिहून सही केलेली छायाचित्रे घेऊन गेले. बेगिन ती नावे वाचू लागले आणि त्यांचा कंठ दाटून आला. प्रवचनांत ही आख्यायिका आवडीने सांगतात; सांगावी. मात्र त्या भेटीनंतरही यरुशलेमच्या पत्राचे शब्द बदलावेच लागले. अमेरिकेची भूमिका पत्रात सविस्तर लिहिण्याऐवजी १९६७ व १९६९ साली राष्ट्रसंघात तिच्या राजदूतांनी जे सांगितले तेच कायम आहे, असा केवळ निर्देश ठेवला गेला.

१७ सप्टेंबरच्या रात्री दोन कागदांवर सह्या झाल्या. एक इजिप्त-इस्राएल शांततेचा. त्यात सीनायचा सुमारे ६०,००० चौरस किलोमीटरांचा सर्व प्रदेश परत करणे, माघारीच्या रेषा, सैन्याच्या मर्यादा, वेळापत्रक, सारे नेमके होते. त्याच्या पाठीशी महासत्तेने आपला पैसा उभा केला. सीनायमधील विमानतळ सोडण्याच्या मोबदल्यात नेगेव्हमध्ये नवे बांधणे व सैन्य हलविणे यांसाठी इस्राएलला सुमारे ३ अब्ज डॉलर मिळाले, इजिप्तलाही मोठे शस्त्रकर्ज मिळाले. राष्ट्रसंघाची सेना मिळेना तेव्हा अमेरिकेने वेगळी बहुराष्ट्रीय सेना उभारली. २६ मार्च १९७९ ला तह झाला. २५ एप्रिल १९८२ पर्यंत ताबाचा छोटा तुकडा वगळता सर्व सीनाय इजिप्तला परत मिळाले. १९४८ पासून चार मोठी युद्धे लढलेल्या या दोन राष्ट्रांमध्ये त्यानंतर युद्ध झालेले नाही. हे यश लहान नाही. कोकणातून गेलेली आपल्याच मायबोलीची बेने इस्राएल कुटुंबे बैर-शेबा व डिमोना या दक्षिणेकडील गावांत वसली आहेत. त्या तहाने त्यांच्या मुलांच्या वाट्याचे काय चुकविले, हे त्यांनाच विचारावे.

दुसरा कागद पॅलेस्टिनी लोकांविषयीचा. पश्चिम तीर व गाझा येथील रहिवाशांना निवडलेल्या स्वशासन-संस्थेमार्फत पाच वर्षांचा संक्रमणकाळ, तिसऱ्या वर्षापर्यंत अंतिम स्थितीच्या वाटाघाटींना आरंभ, आणि पॅलेस्टिनी लोकांचे 'न्याय्य हक्क' मान्य करणारा तोडगा, असे त्याचे स्वरूप. वाचावयास उत्तम. पण ही संस्था किती अधिकाराची, भूमी व पाणी कोणाच्या हाती, यरुशलेमचे पूर्वेकडील लोक मतदान करणार की नाही, यांचे उत्तर कोठेच नव्हते. सही करणाऱ्यांत एकही पॅलेस्टिनी नव्हता. यार्देनचे राजे हुसेन यांच्यावर त्या कागदात कामे सोपविली होती, पण तेही तेथे नव्हते. त्यांनी नंतर कार्टर यांना चौदा लेखी प्रश्न पाठविले, उत्तरे वाचली आणि दूर राहिले. सादात यांचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद इब्राहीम कामेल यांनी सह्या होण्यापूर्वीच राजीनामा दिला. आपल्या धन्याने सीनाय मिळविले व पॅलेस्टिनींना शब्दांवर सोडले, असा त्यांचा आक्षेप होता.

शब्दांवर म्हणजे कसे, ते एका छोट्या पत्रावरून दिसते. २२ सप्टेंबर १९७८ च्या या पत्रात कार्टर यांनी बेगिन यांना लिहून दिले की, करारात जेथे 'पॅलेस्टिनी' वा 'पॅलेस्टिनी लोक' असे शब्द येतील तेथे आपण त्यांचा अर्थ 'पॅलेस्टिनी अरब' असा घ्याल, आणि 'पश्चिम तीर' याचा अर्थ इस्राएल सरकार 'यहूदीया व शोमरोन' असा घेते, याची आम्ही नोंद घेतली आहे. आम्हा शास्त्रवाचकांना ही नावे घरची वाटतात, म्हणूनच त्यांचे वजन चटकन ध्यानात येत नाही. 'पश्चिम तीर' म्हटले की तो यार्देनच्या पलीकडून पाहिलेला, कोणाचा ते अजून ठरावयाचे आहे असा प्रदेश होतो. 'यहूदीया व शोमरोन' म्हटले की तो राजांच्या ग्रंथातला होतो आणि तेथे राहणारा शेतकरी तेथे पाहुणा ठरतो. एकाच कागदाखाली सही करणाऱ्या दोन पक्षांनी दोन वेगळे कागद वाचले, आणि मध्यस्थाने दोन्ही वाचनांना पोच दिली. ज्या लोकांचे नाव होते त्यांना कोणी विचारले नाही.

वसाहतींचे प्रकरण याहून कटू. १६ सप्टेंबरच्या रात्री, स्वशासनाच्या वाटाघाटी चालू असेपर्यंत पश्चिम तीर व गाझा येथे नव्या वसाहती न करण्याचे बेगिन यांनी कबूल केले, अशी कार्टर यांची समजूत झाली. बेगिन म्हणत, कबूल केले ते तीन महिन्यांसाठी. दुसऱ्या दिवशी आलेले पत्र तीन महिन्यांचेच होते. कार्टर यांनी ते परत केले, परंतु सह्यांचा समारंभ थांबविला नाही. तो थांबविला असता तर कदाचित सीनायचाही तह झाला नसता. त्यांच्या जागी बसून न्याय करणे सोपे नाही. तरी एवढे म्हणावेच लागते की, इजिप्तशी निगडित प्रत्येक मुद्द्यावर ज्याने लेखी अक्षराचा आग्रह धरला त्यानेच येथे तोंडी शब्दावर विसंबून राहणे पसंत केले. १९७७ च्या सुमारास पूर्व यरुशलेम सोडून पश्चिम तीरावर सुमारे पाच हजार इस्राएली वसाहतकार होते. १९९३ पर्यंत ते एक लाखावर गेले.

स्वशासनाची बोलणी २५ मे १९७९ ला बैर-शेबा येथे सुरू झाली. योजकांनी स्थळ निवडताना उत्पत्तीचा एकविसावा अध्याय मनात आणला असेल का, हे सांगता येत नाही. अब्राहाम व अबीमलेख यांनी विहिरीवरून भांडून अखेर शपथेने करार केला तो तेथेच. पण त्याच अध्यायाच्या पूर्वार्धात भाकर व पाण्याची मसक देऊन घालवून दिलेली मिसरी हागार आपल्या मुलासह बैर-शेबाच्याच रानात भटकते, आणि मुलाचे रडणे देवाला ऐकू येते. या अध्यायावर प्रवचन करणाऱ्याने कराराची कथा सांगून हागारेची गाळू नये.

ही बोलणी रखडली. ऑगस्ट १९७९ मध्ये राष्ट्रसंघातील अमेरिकेचे राजदूत अँड्र्यू यंग, जे स्वतः दीक्षित पाळक व मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी होते, मुक्ती संघटनेच्या प्रतिनिधीस भेटले म्हणून त्यांना पद सोडावे लागले. १९७५ चे वचन अजून इतके जिवंत होते. नाब्लुस (शास्त्रातील शखेमाजवळचे) व रामल्ला येथील निवडून आलेले नगराध्यक्ष बस्साम शका व करीम खलाफ यांनी या योजनेस विरोध केला होता. ज्यांच्याशी बोलावे असे स्थानिक पुढारी ते हेच. २ जून १९८० ला ज्यू अतिरेक्यांनी त्यांच्या मोटारींत बाँब ठेवले. शका यांचे दोन्ही पाय गेले, खलाफ यांचे पाऊल जायबंदी झाले. जुलैअखेर इस्राएली संसदेने संपूर्ण यरुशलेम ही राजधानी ठरविणारा कायदा केला. ६ ऑक्टोबर १९८१ ला सादात यांचा खून झाला. जून १९८२ मध्ये लेबनॉनचे युद्ध पेटले आणि स्वशासनाची बोलणी कोणी बंद केल्याचे जाहीर न करताच संपली.

इजिप्तमधील आपल्या बंधूंवर काय गुजरले हेही नमूद करावे. कॅम्प डेव्हिडच्या शिष्टमंडळात बुत्रोस बुत्रोस-घाली हे कॉप्टिक ख्रिस्ती होते. पण कॉप्टिक मंडळीचे पोप तिसरे शनूदा यांनी आपल्या लोकांना यरुशलेमच्या यात्रेस मनाई केली. जाऊ ते मुसलमान बांधवांबरोबरच, असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर १९८१ मध्ये सादात यांनी त्यांची मान्यता काढून त्यांना वाळवंटातील मठात पाठविले. या शिक्षेचे कारण यात्रेची बंदी एवढेच नव्हते, पण ती बंदी सादात यांना फार झोंबली होती.

यानंतरची वाट आम्ही झपाट्याने चालतो. डिसेंबर १९८८ मध्ये मुक्ती संघटनेने अटी मान्य केल्यावर अमेरिका तिच्याशी प्रथम बोलली. १९९३ चा करार नॉर्वेच्या मध्यस्थीने ऑस्लो येथे गुप्तपणे झाला आणि वॉशिंग्टनला त्याचा सोहळा झाला. त्याचा साचा १९७८ चाच : पाच वर्षांचा संक्रमणकाळ, तिसऱ्या वर्षापर्यंत अंतिम वाटाघाटींना आरंभ, यरुशलेम व वसाहती पुढे ढकललेल्या. जुलै २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी एहुद बराक व यासर अराफात यांना पुन्हा कॅम्प डेव्हिडलाच बोलाविले. आता पॅलेस्टिनी खोलीत होते. पण फोर्ड यांच्या पत्राची सवय सुटली नव्हती. त्या बैठकीतील एक अमेरिकन सल्लागार अ‍ॅरन डेव्हिड मिलर यांनी २००५ साली लिहिले की, आपल्यातील अनेकांनी इतकी वर्षे इस्राएलच्या वकिलाचे काम केले. बैठक चौदा दिवसांनी निष्फळ झाली. २०१७ साली डोनाल्ड ट्रंप यांनी यरुशलेमला इस्राएलची राजधानी म्हणून मान्यता दिली, म्हणजे ज्या मुद्द्यावर १९७८ साली निदान एक पत्र तरी राखून ठेवले होते तोही मुद्दा मध्यस्थाने एका बाजूस देऊन टाकला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या भीषण हल्ल्यानंतर गाझात जे घडले, आणि इजिप्त व कतार यांच्यासह अमेरिकेने २०२५ मध्ये दोनदा जी शस्त्रसंधी घडविली, तिचा इतिहास लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही.

सीनायमधील ती बहुराष्ट्रीय सेना १९८२ च्या एप्रिलपासून पहारा देत आहे. १९७८ च्या दुसऱ्या कागदात पश्चिम तीर व गाझासाठी 'बलवान स्थानिक पोलीस दल' उभारण्याचे कलम होते. त्याचे पहिले शिपाई १९९४ साली, दुसऱ्याच कराराखाली, यरीहो व गाझाच्या रस्त्यांवर उतरले.